पास्कल मास्तरांची भिंत

पास्कल मास्तर हजेरी घ्यायचे ती दिवसातून दोनदा. सकाळी देवळात आणि अकरा वाजता वर्गात. वर्गातली हजेरी चारचौघा मास्तरांसारखीच असायची. देवळातली मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, हा माणूस प्रार्थना म्हणतोय. वेदीमागच्या भिंतीसमोर, हात पाठीशी बांधून, डावीकडून उजवीकडं एकेक पाऊल सरकत ते हलक्या आवाजात नावं घेत होते. "रखमाबाई. तिचा थोरला. सटवा. सटव्याची म्हातारी. लक्ष्मी, लेकरासगट..." एका ठिकाणी थांबले, भिंतीकडं वाकले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुकारामला ओल लागून राह्यली."

तुकाराम भिंतीवर होता. हातात भाकरी घेऊन बसलेला, पागोटं घातलेला माणूस.

मी तेव्हा नुकताच जालन्याच्या मिशन शाळेत इतिहास शिकवायला लागलो होतो. बदनापूरहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचो, कारण दुसरी गाडी शाळा भरल्यावर पोचायची. मधले तीन-चार तास मी स्टेशनावर नाहीतर मस्तगडच्या हॉटेलात चहावर काढायचो. मास्तर त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. एक दिवस त्यांनी मला स्टेशनावर बाकावर बसलेलं पाहिलं आणि म्हणाले, "वाघमारे, इथं माश्या मारून काय करतो? चल माझ्यासंगं."

मी सांगितलं, मी देवळात येत नसतो. आमच्या घरानं छप्पन सालीच दीक्षा घेतली होती. वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर कुठल्याही देवाच्या दारात जायचं नाही, असा माझा नेम होता.

"देवाला कोण बोलावतंय?" मास्तर म्हणाले. "इतिहासवाला हाईस ना तू? मंग माणसं बघायला ये."

जुन्या छावणीतलं ते कॅथलिक देऊळ. चर्च असं कुणी म्हणायचं नाही, सगळे देऊळच म्हणायचे. काळ्या दगडाचं, सागाच्या छताचं, बाहेरून बघावं तर एखाद्या जुन्या गोदामासारखं. छावणीत पलटण होती तेव्हा तिच्यातल्या कॅथलिक शिपायांसाठी ते बांधलं. घंटा समुद्रावरून मुंबईला आणि तिथून पुढं निम्मी वाट बैलगाडीत आली, गाडीचा आस दोनदा मोडला, हे मास्तर असं सांगायचे की जणू आस मोडला तेव्हा गाडी तेच हाकत होते. पुढं पलटण गेली. देऊळ राहिलं. पलटणीचं पाणी भरणारी, घोडे राखणारी, भाकरी भाजणारी जी इथलीच माणसं होती ती हळूहळू त्या देवळाची झाली. मास्तरांचं घराणं त्यातलंच.

आणि मग त्यांच्या आजोबांच्या काळातल्या एका मोठ्या दुष्काळात एक परदेशी ब्रदर इथं आला. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेला वळलं नाही. लोक त्याला रंगवाला ब्रदर म्हणायचे. मिशननं उपाशी लोकांसाठी जेवण चालू केलं होतं. छावणीच्या माळावर रांगा धरून माणसं बसायची. त्या रांगा बघून ब्रदरनं वेदीमागची अख्खी भिंत रंगवली. गोष्ट बायबलातली, पाच भाकरी आणि दोन माशांत येशूनं माळावरच्या हजारो लोकांना जेवू घातलं ती. पण भिंतीवरचा माळ छावणीचा होता. भाकरी ज्वारीच्या होत्या. आणि रांगेतली शंभरावर माणसं अगदी त्या रांगांतलीच, ज्याचं तोंड तसं, ज्याचं लुगडं जिथं फाटलेलं तिथंच फाटलेलं.

ब्रदरचे रंग मास्तरांच्या वडिलांनी वाटून दिले होते. गेरू, पिवडी, नीळ, दिव्याची काजळी. कोण कुठं बसलंय हे वडिलांनी मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांनी ते तोंडपाठ केलं. मी इतिहासाचा माणूस, कितीदा म्हणालो, "मास्तर, हे लिहून ठेवा."

"भिंत हाय की," ते म्हणायचे. "लिहून कशाला ठेवू?"

भिंतीची सगळी सेवा ते स्वतःच्या हातानं करायचे. मेणबत्त्यांचा धूर बसून चेहरे काळवंडायचे. मास्तर मस्तगडच्या बेकरीतून शिळे पाव आणायचे, आतला मऊ गर काढून त्याची गोळी करायचे आणि ती हळूच चेहऱ्यावरून फिरवायचे. गोळी काळी व्हायची, गाल उजळायचा. ओल्या फडक्याला भिंतीच्या आसपास बंदी होती. एकदा नाताळाच्या साफसफाईत कुणा बाईनं हौसेनं ओलं फडकं घेतलं तर मास्तरांनी ते तिच्या हातातून हिसकून खिडकीतून बाहेर फेकलं. ती रडत घरी गेली. संध्याकाळी हे तिच्या दारात उभे, कान धरून. पण दुसऱ्या दिवशी फडक्यांच्या दोरीवर कागद चिकटवलेला होता, "भिंतीला पाणी मना."

चष्म्याशिवाय त्यांना चार हातांवरचं माणूस ओळखू यायचं नाही, पण तोंडात सतत एकच शब्द. बराबर. "बराबर बघ." वर्गात मुलांनी घागर काढली की म्हणायचे, "बराबर बघून काढली का घरातली आठवून?" घरची घागर आठवून काढलेली त्यांना चालायची नाही. औरंगाबादहून एक प्राध्यापक भिंत बघायला आले होते. चष्मा वर-खाली करून म्हणाले, चित्रकाराला शरीररचनेचं ज्ञान नव्हतं, हात फार मोठे झालेत. मास्तर म्हणाले, "साहेब, बराबर बघा. खडी फोडायच्या कामावरची माणसं हायेत ही. हात असेच व्हतेत." प्राध्यापकांनी आपले हात कोटाच्या खिशात घातले.

बहात्तरच्या दुष्काळात एक गोष्ट घडली ती मला सगळ्यात जास्त आठवते. खेड्यांतली माणसं मिशनकडं मदतीला यायची. एक बाई सावली म्हणून देवळात येऊन बसली. बराच वेळ भिंतीकडं बघत होती. मग तिनं मास्तरांना विचारलं, "दादा, ह्या शेवटच्या रांगेपत्तर भाकर पोचली का?"

मास्तरांनी वळून बघितलं. वरच्या, मागच्या रांगेत बसलेल्या लोकांचे हात खरोखर मोकळे होते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. मला म्हणाले, "जल्मापासून ती भिंत बघून राह्यलो. मला हे कधी दिसलंच न्हाई." त्या रविवारी त्यांनी पिवडी भिजवली, कुंचला घेतला, शिडी लावली आणि वर चढून बसले. शेवटच्या रांगेला एकेक भाकरी काढून द्यायची होती. तासाभरानं तसेच खाली उतरले. कुंचला कोरडाच.

"ब्रदरनं दिली न्हाई," ते म्हणाले. "मी कशी देऊ? खोटं व्हईल."

मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, त्या माणसाची सगळी थोरवी आणि सगळी चूक त्या एका वाक्यात होती. भिंतीवरच्या माणसांसाठी त्यांचा जीव तुटायचा. पण भिंतीवर जे आहे ते आहे, ते कुणाला किती बोचतं याचा हिशेब त्यांच्याकडं नव्हता.

फादर जोकिम आले ते पंच्याहत्तरच्या सुमाराला. जोकिम याच वस्तीतले, मास्तरांचे विद्यार्थी. घरात खायचे वांधे, पण अक्षर आणि डोकं दोन्ही चांगलं. मास्तरांनीच त्यांची शिफारस केली, फादर व्हायला पाठवलं, सुट्टीत आले की स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. वस्तीतला पहिला माणूस फादर होऊन आपल्याच देवळात आला तेव्हा मास्तरांनी शाळेच्या कमानीला स्वतः झेंडूच्या माळा लावल्या. रांगेत उभं राहून त्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या हाताचं चुंबन घेतलं. जोकिम संकोचले. "मास्तर, हे काय करून राह्यले तुम्ही?" म्हणाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. आणि मग भिंतीकडं बघून सगळ्यांसमोर बोलले, "मास्तर, मी हाय तवर ह्या भिंतीला कुणी हात लावणार न्हाई."

हे मी ऐकलं. मास्तर ते कितीदा तरी बोलून दाखवायचे. जोकिमनं शब्द दिलाय.

वर्षभरानं बिशपसाहेब आले. बरोबर बाहेरगावचे पाच-सहा पाहुणे, दोन परदेशी सिस्टर. भिंत दाखवायचं काम अर्थात मास्तरांचं. कोट घालून आले होते. एकेका माणसापाशी थांबून सांगत होते, ही अमक्याची आजी, हा तमक्याचा चुलता. पाहुणे भारावले होते. डाव्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेला एक उंच माणूस होता. सिस्टरनं विचारलं, हा कोण? मास्तरांचा चेहरा फुलला. "हे आपल्या फादर जोकिमचे आजोबा! लई ताकदीचा माणूस. छावणीतली मेलेली जनावरं एकटा ओढून न्यायचा."

सगळ्यांनी वळून फादरकडं बघितलं. एका पाहुण्यानं मान हलवली, फार कळवळ्यानं. जोकिम हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी बाजूला खुर्च्या लावत होतो. मी खुर्च्यांकडंच बघत राहिलो, कारण माझ्या आजोबांचंही काम तेच होतं, आणि ते सांगावं न लागावं म्हणूनच आम्ही घरातले देव नदीत सोडले होते. मास्तरांना काहीच जाणवलं नाही. ते पुढच्या माणसाकडं सरकले होते.

त्यानंतर देवळाच्या कमिटीच्या बैठका होऊ लागल्या. नव्या पद्धतीनं वेदी पुढं आणायची, फादरनं लोकांकडं तोंड करून उभं राहायचं. मास्तरांना हे पसंत होतं. "बराबर हाय. फादरचं तोंड लोकायकडं आन् पाठ भिंतीकडं. भिंत त्याच्या पाठीशी ऱ्हाईल," असं म्हणायचे. भिंतीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. शब्द दिलेला होता.

दिवाळीच्या सुट्टीत फादरनी त्यांना बोलावून सांगितलं, परतूरला पाच-सात घरांसाठी नवी प्रार्थनेची खोली बांधलीय, पत्र्याची, भिंती कोऱ्या आहेत. तुमच्या हातानं काहीतरी काढून द्या. दोन दिवस लागतील. वाघमारे सरांना बरोबर न्या, एकटे जाऊ नका. मास्तर हरखले. मला म्हणाले, "बघ, जोकिमला कदर हाय."

ठरल्या सकाळी मी बदनापूरहून आलो. परतूरची गाडी यायला अवकाश होता, म्हणून शाळेत विसरलेली छत्री घ्यायला गेलो. मागच्या वऱ्हांड्यात सिमेंटची पोती रचली होती. बाजूला बांबू आणि दोऱ्या. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, सहजासहजी दिसायचं नाही. शाळेत काही बांधायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी त्या पोत्यांकडं बघत उभा राहिलो. मग छत्री घेतली आणि स्टेशनावर गेलो.

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. शाळेचे व्यवस्थापक फादर जोकिम होते. मास्तरांना पोत्यांचं बोललो नाही त्याचं एवढंच कारण. दुसरं काही सांगायचा मी पुढं पुष्कळ प्रयत्न केला, स्वतःलाच.

गाडीत मास्तर दोन घंटे बोलत होते. परतूरला त्यांनी मेंढ्या काढल्या आणि मेंढपाळ म्हणून तिथल्याच एका म्हाताऱ्याला समोर बसवलं. म्हातारा लाजून उठायचा, हे त्याला खांदे धरून बसवायचे. कापसाच्या बाजाराला आलेले गाडीवानही दारातून डोकावून गेले. इतका आनंदी मी त्यांना कधी बघितला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आम्ही परतलो. त्यांच्या बोटांना नीळ लागलेली होती. म्हणाले, आधी देवळात जाऊन येऊ, मग घरी.

देवळाच्या पायऱ्यांवरच छिन्नीचा आवाज ऐकू आला.

भिंतीला बांबूची परांची बांधलेली होती. वरचं आभाळ, येशूचा चेहरा, भाकरी मोडणारे त्याचे हात, मागच्या रांगा, सगळं गिलाव्याखाली गेलं होतं. सिमेंट अजून ओलं, गडद. त्याच्या खाली, पुढच्या रांगांतल्या लोकांवर छिन्नीनं खाचा पाडून ठेवल्या होत्या. जुन्या भिंतीला अशा खाचा पाडल्या की नवं सिमेंट धरून राहतं. कपाळावर, गालावर, लुगड्यांवर, हातातल्या भाकरीवर, सगळीकडं बोटाएवढ्या पांढऱ्या खाचा.

इस्माइल मिस्त्री परांचीवरून घाईनं खाली उतरला. "सलाम, मास्तर. हमकू तो फादर बोले, मास्तरकू सब मालूम हय."

जमिनीवर रंगाच्या कपच्या पडल्या होत्या. खाली बसून मास्तरांनी एक कपची उचलली, उलटी करून बघितली आणि जिथं होती तिथं परत ठेवली.

फादर जोकिम आतल्या खोलीतून आले. मास्तर उठले.

"तू मला परतूरला धाडलंस," ते म्हणाले.

"हो, मास्तर."

"सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भिंतीसमोर आडवे झाले असते. तुमच्यासमोर मला जमलं नसतं."

"शब्द दिल्ता तू."

"दिल्ता." जोकिमांचा आवाज चढला नव्हता. "मास्तर, बिशपसाहेब आल्ते त्या दिवशी मी तुमच्याकडं बघून राह्यलो होतो. तुम्ही एकदा तरी माझ्याकडं बघितलं का?"

मास्तरांना कळेना. मग कळलं. "आज्याची लाज वाटती तुला?"

"आज्याची न्हाई. पण ते चारचौघांत सांगायचं का न्हाई, ते मी ठरवायचं होतं. तुम्ही न्हाई." त्यांनी झग्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आन् हे माझ्या एकट्याचं न्हाई. वस्तीतल्या सगळ्या घरांनी सह्या करून दिल्यात, चित्र झाकून साधी भिंत करा म्हणून. बघा."

मास्तरांनी कागद उघडला. मी त्यांच्या खांद्यामागं होतो. पहिली सही त्यांच्या बायकोची होती. मरियाबाई पास्कल. बाई नव्यानं सही शिकलेल्या, त्यामुळं अक्षर ओळखायला कुणाला सांगावं लागलं नसतं. ते अक्षर मास्तरांनीच गिरवून घेतलं होतं.

कागदाची घडी घालून त्यांनी परत दिली. "उद्या दुपारपत्तर काम थांबव," म्हणाले. "ज्याला त्याला आपापलं माणूस बघून घेऊ दे. एवढं तरी करशील का?"

"करतो," जोकिम म्हणाले.

घरी मी त्यांच्याबरोबर गेलो. आत जावं की नाही कळेना म्हणून उंबऱ्याशी थांबलो. मरियाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि हातातली काठवट बाजूला सारली. काय झालं, हे विचारलं नाही.

"तू पन?" मास्तर म्हणाले.

"हो, म्या पन," त्या म्हणाल्या. "माझी आजी हाय त्या भिंतीवर, ती रखमाबाई. उघड्या अंगानं बसलीय, लेकराला पाजीत. धड लुगडं न्हाई अंगावर. दर रविवारी सगळ्या माणसायसमोर. आपल्या पोरीला बघायला आले पाव्हणे, त्यायला तुम्ही देवळात नेलं आन् तीच आधी दाखवली. म्या किती डाव म्हणलं, तिथं पदर तरी रंगवा. काय म्हणले तुम्ही? खोटं व्हईल."

मास्तर उभ्या उभ्या भिंतीला टेकले. म्हणाले, "मंग मला सांगायचं. माझ्या पाठीमागं कशाला?"

"तुमच्या पुढून कोन सांगनार? तुम्ही आमच्याकडं बघतच न्हाई."

तरीही ते बाहेर पडले. दिवस मावळायच्या आत वस्तीतल्या प्रत्येक घराशी जाऊन आले. दारातूनच सांगायचे, उद्या दुपारपर्यंत या, आपलं माणूस बघून घ्या. लोक मान हलवायचे. कुणी चहा घ्या म्हणायचं. कुणी आत बसून राहायचं आणि मुलीला दाराशी पाठवायचं, बाबा घरी नाहीत म्हणून सांगायला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं पोचलो तेव्हा मास्तर पहिल्या बाकावर बसले होते. इस्माइल मिस्त्री दाराशी बिडी न ओढता बसला होता. नऊ वाजले, दहा वाजले. कोणी आलं नाही. दोन-चार माणसं देवळाच्या आवारापर्यंत आली, नळाशी उभी राहून बोलली आणि गेली.

अकराच्या सुमाराला एस्तेरआजी आली. ऐंशीच्या पुढची, दिसायचं जवळपास बंद झालेली, नातसुनेचा हात धरून. मास्तरांच्या हजेरीतली ती लक्ष्मी, लेकरासगट, तिच्या मांडीवरचं लेकरू म्हणजे एस्तेरआजी. आई त्याच दुष्काळात पटकीनं गेली. फोटो वगैरे काही नाही. आई म्हणून आजीला जे काही माहीत होतं ते त्या भिंतीवर होतं. सही तिच्या नातवानं केली होती, तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"पास्कल, आई कुठं रं?"

मास्तरांनी तिला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. आईचा चेहरा कमरेच्या उंचीला होता. आजी खाली बसली. मास्तरांनी तिचा हात धरून आईच्या गालावर ठेवला. या भिंतीला त्यांनी उभ्या जन्मात कुणाला हात लावू दिला नव्हता.

आजीची बोटं फिरत राहिली. कपाळावरून, नाकावरून, गालावरच्या खाचांमधून. मग ती थबकली.

"आईला देवी निघाल्त्या का रं?"

फादर जोकिम केव्हा येऊन दाराशी उभे राहिले होते, मला कळलं नाही. देवळात एवढी शांतता होती की आजीच्या बांगड्या दगडाला लागल्या तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"हो, आजी," शेवटी मास्तर म्हणाले. "निघाल्त्या. मंग बऱ्या झाल्या."

जो माणूस चित्रात एक भाकरी वाढवायला तयार नव्हता तो हे बोलला. आजीनं समाधानानं मान हलवली, तोंडावरून हात फिरवून आपल्या कपाळाशी नेला आणि नातसुनेला म्हणाली, चल.

ती गेल्यावर मास्तर फादरकडं वळले. डाव्या कडेला टोपलीवाला उंच माणूस अजून होता, खाचा पडलेला. "तू बघून घेतोस का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. जोकिम जागचे हलले नाहीत. मग मास्तर इस्माइलला म्हणाले, "मिस्त्री, कर चालू," आणि बाहेर गेले.

पायऱ्यांवर मी त्यांच्याजवळ बसलो. सिमेंट कालवल्याचा आवाज येत होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मास्तर, मी पोती बघितली होती. शाळेच्या वऱ्हांड्यात. परतूरला जायच्या सकाळी."

त्यांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. "गाडीत दोन घंटे बसलो आपण."

"हो."

"तिथं दोन दिवस माझे रंग कालवून दिले."

"हो, मास्तर."

"बरं केलं तुम्ही सांगितलं, वाघमारे सर," मास्तर म्हणाले आणि उठले.

पाच वर्षं मी त्यांना नुसता वाघमारे होतो. अरे, तू, इकडं ये. त्या दिवसापासून वाघमारे सर झालो आणि तुम्ही झालो. ते कधीच माझ्याशी वाकडं बोलले नाहीत. शाळेत भेटले की नमस्कार करायचे, तब्येतीची चौकशी करायचे. माझी कायमची ऑर्डर आली तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच हात जोडून अभिनंदन केलं. ते हात जोडणं मला सहन झालं नाही.

देवळात जाणं त्यांनी सोडलं नाही. रविवारी यायचे, मागच्या बाकावर मरियाबाईंशेजारी बसायचे, त्यांच्यासाठी बाकावर रुमाल अंथरायचे. नवरा-बायकोत पुढं काय बोलणं झालं, हे मला माहीत नाही. समोर पांढरी भिंत आणि एक लाकडी क्रूस होता. लोक म्हणायचे, केवढा उजेड झाला. खरंच उजेड झाला होता.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ शाळेच्या मैदानात होता. अध्यक्ष फादर जोकिम. त्यांनी फार चांगलं भाषण केलं, अगदी मनापासून. आपल्याला फादर होण्याची वाट मास्तरांनी दाखवली, हे सांगताना ते मास्तरांकडं वळून उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, देवळाचा इतिहास छापायचं कमिटीनं ठरवलं आहे. घंटा कशी आली, ब्रदर कोण होता, चित्रात कोण कोण होतं, हे सगळं आता एकाच माणसाला माहीत आहे. मास्तरांनी हे काम हातात घ्यावं, ही सगळ्यांची विनंती.

टाळ्या पडल्या. मास्तर उठले. गळ्यात हार, हातात शाल-नारळ. माईकपाशी गेले.

"मला काही आठवत न्हाई," ते म्हणाले.

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मास्तर थट्टा करतात असं वाटलं असावं. ते आणखी काही बोलतील म्हणून सगळे थांबले. जोकिम खुर्चीतून अर्धवट उठले. "मास्तर, निदान नावं तरी..."

"न्हाई, फादर. बिलकुल न्हाई आठवत." आणि ते जागेवर येऊन बसले. नारळ मांडीवर धरला. पुढं आभार झाले, राष्ट्रगीत झालं, तोवर त्यांनी मान वर केली नाही.

यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. एकोणऐंशीचा उन्हाळा असेल. जालना स्टेशनावर माझी बदनापूरची गाडी सुटायच्या बेतात होती. पलीकडच्या फलाटावर, नांदेडकडच्या गाडीची वाट बघत, मास्तर आणि मरियाबाई ट्रंकेवर बसले होते. लेकीकडं कायमचे राहायला निघालेत, असं नंतर शाळेत कळलं. मरियाबाई पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढं करत होत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, हाक मारली. त्यांनी आवाज ऐकला, मान वळवली, मला ओळखलं. हात वर केला आणि नमस्कारासारखा कपाळाशी नेला. मग माझ्याकडं बघता बघता त्यांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढला, काड्या मिटवल्या आणि खिशात ठेवला. गाडी सुटेपर्यंत ते तसेच बसून होते, तोंड माझ्याच दिशेला करून.